शाहूछत्रपतींची विभागणी व मिझुरीचा ठराव

परकीय इतिहासांतील एखादी गोष्ट शेजारीं ठेविली असतां आपल्या घरच्या कागदांचा अर्थ अधिक उघड होतो. म्हणून इ. स. 1743 मध्यें शाहूछत्रपतींनीं पेशवे व नागपूरकर भोसले यांस करून दिलेल्या मुलखाच्या विभागणीशेजारीं अमेरिकेंतील 1820 चा मिझुरीचा ठराव ठेवून आम्ही थोडा विचार करीत आहों.

1719 त बाळाजी विश्वनाथानें दिल्लीहून चौथ-सरदेशमुखीच्या सनदा आणिल्या. वसुलीचे प्रांत सरदारांस तोडून दिले गेले, आणि जो तो आपला भाग बाहेरच्या बाजूस वाढवूं लागला. वेळणेश्वरास कुलदैवत मानणारीं कोंकणांतील कित्येक घराणीं याच ओघांत घांट चढून गेलीं. परंतु नवा मुलूख कोणाचा, हा प्रश्न प्रत्येक मोहिमेबरोबर उभा राहूं लागला. गुजराथेच्या वादांत 1 एप्रिल 1731 रोजीं डभईस सेनापति त्रिंबकराव दाभाडे पडले. पुढें 1742 त रघूजी भोसल्यांचे कारभारी भास्करराम बंगाल्यांत शिरले. दुसऱ्याच वर्षीं अलीवर्दीखानानें नानासाहेब पेशव्यांस द्रव्य देऊन साह्यास घेतलें, व पेशव्यांनीं रघूजीस बंगाल्याबाहेर काढिलें. एकाच छत्रपतीचे दोन चाकर परमुलखांत एकमेकांवर शस्त्र धरून उभे राहिले!

ही तेढ शाहूछत्रपतींनीं 31 ऑगस्ट 1743 रोजीं मिटविली. माळवा, आग्रा, अजमीर, अलाहाबाद व बिहारपैकीं बारा लक्षांचा मुलूख पेशव्यांकडे. बंगाल, ओरिसा, लखनौ व उरलेला बिहार रघूजीकडे. एकानें दुसऱ्याच्या भागांत शिरूं नये, असें ठरलें.

आतां अमेरिकेकडे वळूं. 1803 त संयुक्त संस्थानांनीं फ्रान्सपासून लुईझियानाचा विस्तीर्ण प्रदेश दीड कोट डॉलरांस घेतला. 1819 च्या अखेरीस गुलामगिरी मानणारीं अकरा व न मानणारीं अकरा अशीं संस्थानें समतोल होतीं. मिझुरीनें प्रवेश मागतांच तो तोल ढळूं लागला. तेव्हां मिझुरी गुलामगिरीसह व मेन गुलामगिरीवांचून घ्यावें, आणि लुईझियानाच्या उरलेल्या प्रदेशांत 36 अंश 30 कलांच्या उत्तरेस गुलामगिरी नसावी, असा ठराव झाला.

दोन्ही ठिकाणीं जुन्या घरांत जो कलह दबून होता तो नव्या मुलखानें चेतविला, हें साम्य होय. भेदही लहान नाहीं. तेथील वाद मनुष्यास दास करून ठेवण्याविषयीं होता, येथील वसुलीविषयीं. तेथील रेषा कायद्याची होती, येथील एका वडीलधाऱ्या धन्याच्या शब्दाची. पण परिणाम पाहावा. 1743 ची वांटणी मोडली असें म्हणतां येत नाहीं. 1751 त रघूजीस अलीवर्दीखानाकडून ओरिसाचा वसूल व बंगाल-बिहारची बारा लक्षांची चौथ मिळाली, ती तिच्याच जोरावर. भांडण मिटलें, परंतु वांटे पक्के झाले. 15 डिसेंबर 1749 रोजीं शाहूछत्रपति निवर्तल्यावर ते वांटे एकत्र बांधणारा कोणी उरला नाहीं. 1763 त रघूजींचे पुत्र जानोजी निजामास मिळाले आणि पुणें जळालें. 1803 त शिंदे व भोसले इंग्रजांशीं लढत असतां होळकर अलग राहिले. 17 डिसेंबरच्या देवगांवच्या तहानें कटक प्रांत गेला. ज्या वर्षीं अमेरिकेस लुईझियाना लाभला त्याच वर्षीं नागपूरकरांनीं ओरिसा गमावला. अमेरिकेंतही रेषेनें उत्तर व दक्षिण हे पक्षच दृढ केले. 1854 त ती रेषा रद्द झाली व 1861 त युद्ध पेटलें.

म्हणून मराठी राज्याच्या अपकर्षाचा दोष केवळ अमक्या सरदाराच्या फितुरीस देणें आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. वांटणीच्या पद्धतींतच फुटीचें बीज होतें.

आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. या दोन्ही ठरावांत ज्यांच्या भूमीची विभागणी झाली त्यांस कोणी विचारिलें नाहीं: तेथें गुलामांस व मूळच्या रहिवाशांस, येथें बंगाल्याच्या रयतेस. त्या रयतेची बाजू गंगाराम कवीच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या 1751 च्या बंगाली काव्यांत आली आहे; मराठी अभ्यासकानें ती टाळूं नये.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, जुन्या दप्तरांतून लढायांचीं पत्रें वेंचतांना वांटणीच्या यादी व वसुलीचे ताळेबंद नीरस म्हणून बाजूस सारूं नयेत. राज्य कोठें सांधलें होतें व कोठें उसवलें, हें त्या आंकड्यांतच सांपडेल.