शेजारच्या जागेची किंमत : दिल्लीतील विमान-आसनवाटपाचा इतिहास

एकत्र निघालेल्या माणसांना विमानात एकत्र बसता यावे की नाही, हा प्रश्न भारतात गेल्या दीड-दोन दशकांत ऐरणीवर आला असला, तरी त्यामागची आसनवाटपाची पद्धत विमानवाहतुकीइतकीच जुनी आहे. या पद्धतीच्या इतिहासातील अनेक महत्त्वाचे टप्पे दिल्ली आणि तिच्या परिसराशी जोडलेले आहेत. कारण 1953 मध्ये राष्ट्रीयीकरणातून जन्मलेल्या इंडियन एअरलाइन्सचे मुख्यालय दिल्लीत होते, पुढे इंडिगो आणि स्पाइसजेट या कंपन्यांनी आपला कारभार शेजारच्या गुरुग्राममधून चालवला आणि विमान कंपन्यांना नियम घालून देणारे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजेच डीजीसीए, सफदरजंगच्या जुन्या विमानतळासमोर आहे.

1962 मध्ये नागरी विमानसेवा पालमला हलवली जाईपर्यंत सफदरजंग हाच राजधानीचा मुख्य नागरी विमानतळ होता. त्या काळातील डकोटा विमानात साधारण एकवीस ते अठ्ठावीस प्रवासी मावत आणि विमान एवढे लहान असल्यामुळे कोणी कोठे बसावे हा सोयीपेक्षा तोलाचा प्रश्न होता. प्रवासी, सामान आणि इंधन यांच्या वजनाचा मध्य ठरावीक मर्यादेत राहिला नाही, तर विमान हाताळणे अवघड होते. म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी भाराचा आणि तोलाचा तक्ता तयार करावा लागतो, त्याला या व्यवसायात लोड अँड ट्रिम शीट म्हणतात. आसनक्रमांकाचा संबंध सुरुवातीपासून असा सुरक्षिततेशी आणि शिस्तीशी होता. क्रमांकाला वेगळी किंमत नव्हती.

संगणक येण्यापूर्वी जगभरच्या विमानतळांवर रूढ असलेली एक रीत येथे नमूद करण्याजोगी आहे. चेक-इन खिडकीवरील कर्मचाऱ्यापुढे विमानातील आसनांचा छापील आराखडा असे आणि त्यावर प्रत्येक जागेच्या क्रमांकाची चिकटपट्टी लावलेली असे. प्रवाशाने तिकीट पुढे केले की कर्मचारी त्याला खिडकी हवी की मार्गालगतची जागा, धूम्रपानाच्या विभागात की त्याबाहेर, असे विचारी, ती पट्टी उचलून बोर्डिंग पासवर चिकटवी आणि आराखड्यातील ती जागा आपोआप रिकामी दिसू लागे. तीन माणसांचे कुटुंब एकदम खिडकीशी उभे राहिले, तर शेजारच्या तीन पट्ट्या उचलणे हे कर्मचाऱ्याच्या हातचे काम होते. या व्यवस्थेत ओळखीपाळखीला वाव होता आणि उशिरा येणाऱ्याची गैरसोयही होत असे. तथापि शेजारची जागा मागावी लागे, विकत घ्यावी लागत नसे.

विमाने मोठी होत गेली तसा या प्रश्नाचा आकारही बदलला. डकोटाच्या चिंचोळ्या कक्षात दोन प्रवाशांच्या मध्ये अडकलेली जागाच नव्हती; मात्र 1970 च्या दशकात इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात आलेल्या बोइंग 737 आणि 1989 मध्ये आलेल्या एअरबस ए-320 या विमानांत मार्गाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन आसने आली आणि कोणालाही नकोशी असलेली मधली जागा निर्माण झाली. पुढे खर्चकपातीच्या धोरणातून ए-320 मध्ये 180 जागा बसवल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्यांपैकी साठ, म्हणजे एक तृतीयांश, मधल्या होत्या.

1994 मध्ये एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द होऊन सरकारी मक्तेदारीची कायदेशीर चौकट संपली आणि 2003 मध्ये एअर डेक्कनने स्वस्त विमानप्रवासाचे पर्व सुरू केले. या कंपनीने सुरुवातीच्या वर्षांत आसनक्रमांकच दिले नाहीत. जो आधी चढेल त्याने हवी ती जागा घ्यावी, अशी मोकळी पद्धत ठेवली. अमेरिकेतील साउथवेस्ट कंपनीने हीच पद्धत पाच दशकांहून अधिक काळ चालवली. 2005 मध्ये स्पाइसजेट आणि 2006 मध्ये इंडिगो यांची उड्डाणे सुरू झाल्यावर मूळ भाडे कमी ठेवून उत्पन्नाचे अन्य मार्ग शोधण्याची स्पर्धा वाढली. 2013 मध्ये डीजीसीएने सेवांची फोड करण्यास, म्हणजे जेवण, सामान, पसंतीचे आसन यांसारख्या बाबी तिकिटापासून अलग करून त्यांचे स्वतंत्र शुल्क आकारण्यास, परवानगी दिली. या निर्णयाने आसनक्रमांक हा विक्रीचा माल झाला.

2018 च्या नोव्हेंबरमध्ये इंडिगोने वेब चेक-इन करताना निवडल्या जाणाऱ्या सर्वच जागांना शुल्क लावल्याचे समोर आले, तेव्हा प्रवाशांनी मोठी नाराजी व्यक्त केली आणि नागरी विमान वाहतूक मंत्रालयाला या धोरणाचा आढावा घेण्याची घोषणा करावी लागली. 2020 च्या मे महिन्यात टाळेबंदीनंतर देशांतर्गत उड्डाणे पुन्हा सुरू झाली, तेव्हा वेब चेक-इन सक्तीचे झाले. त्यामुळे पूर्वी खिडकीवर जाऊन विनंती करणाऱ्या प्रवाशालाही शुल्काचे आकडे लावलेला आसनांचा नकाशा पाहावा लागला. 2022 च्या जुलैमध्ये खिडकीवर बोर्डिंग पास देण्यासाठी वेगळे शुल्क घेऊ नये, असा आदेश मंत्रालयाने काढला. मात्र आसननिवडीचे शुल्क कायम राहिले.

कुटुंबांची ताटातूट याच व्यवस्थेतून होते. एका आरक्षणातील सर्व प्रवाशांना पीएनआर हा एकच नोंदक्रमांक मिळत असल्यामुळे ते सोबत आहेत हे संगणकाला ठाऊक असते. तरीही शुल्क न भरणाऱ्यांना उरलेल्या जागा दिल्या जातात आणि तोपर्यंत उरतात त्या बहुधा निरनिराळ्या रांगांतील मधल्या जागा. ही फारकत हेतुपुरस्सर केली जाते का, हा वाद बाजूला ठेवला, तरी ती टाळण्यासाठी पैसे भरावेत असे दडपण प्रवाशावर येते, हे नाकारता येत नाही. ज्यांनी ते भरलेले नसतात, त्यांच्यासाठी विमानात चढल्यावर जागांची अदलाबदल करून देण्याचा भार अखेर कॅबिन कर्मचाऱ्यांवर आणि सहप्रवाशांच्या भलेपणावर पडतो.

या पार्श्वभूमीवर डीजीसीएचा 2024 च्या एप्रिलमधील निर्णय महत्त्वाचा ठरतो. त्यानुसार बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला, त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी किमान एकाच्या शेजारी जागा देणे आणि त्याची नोंद ठेवणे कंपन्यांवर बंधनकारक झाले. काही प्रसंगी सोबत ही विक्रीची वस्तू असू शकत नाही, हे तत्त्व या तरतुदीने मान्य केले.

परंतु तत्त्व मान्य झाल्यावर ते मुलांपाशीच थांबवण्याचे कारण उरत नाही. पुण्याहून दिल्लीला लेकीकडे निघालेल्या, ऐकू कमी येणाऱ्या वृद्ध आईलाही मुलाचा हात शेजारी लागतो आणि पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या जोडप्यालाही एकमेकांचा आधार हवा असतो. 1985 मध्ये नवी दिल्लीत संगणकीय आरक्षणाचा प्रारंभ करणारी भारतीय रेल्वे ज्येष्ठांना खालचा बर्थ देण्यास प्राधान्य देते आणि सर्व बर्थ एकाच डब्यात मिळाले तरच तिकीट काढावे, असा पर्यायही ऑनलाइन आरक्षणात विनाशुल्क ठेवते. म्हणजे अडचण यंत्राची नसून धोरणाची आहे. खिडकीचे, पुढच्या रांगेचे किंवा पाय पसरता येणाऱ्या जागेचे मोल कंपन्यांनी जरूर घ्यावे. एका पीएनआरवरील माणसांना शक्य तेथवर शेजारी बसवणे हा मात्र तिकिटाचाच भाग मानला गेला पाहिजे आणि तसा स्पष्ट नियम ज्येष्ठांपासून सुरुवात करून डीजीसीएने करावा.