नेम, जागा आणि सोबत: नागपूर परिसरातील आजन्म शिकण्याचा इतिहास

रामदासपेठ आज नागपूरकरांना आठवते ती दवाखान्यांसाठी आणि शिकवणी वर्गांसाठी. पण नागपूर विद्यापीठाचे ग्रंथालयही याच पेठेत आहे. शेजारच्या धंतोलीत रामकृष्ण मठ आहे, पलीकडे सीताबर्डीवर विदर्भ साहित्य संघ आहे आणि दीक्षाभूमीही फार लांब नाही. रामनगरातले जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ धरले, तर सायकलवर एका सकाळी फिरून होईल एवढ्या टापूत मोठ्या माणसांनी शिकत राहण्याच्या पाच निरनिराळ्या वाटा सापडतात. या पाचही संस्थांचा पाया १९२३ ते १९५६ या तेहतीस वर्षांत घातला गेला. त्यामागची रीत मात्र बरीच जुनी आहे.

माणसाने आयुष्यभर वाढत राहावे, हे सांगणारे प्रत्येक काळात होते. अडचण सांगण्यात नव्हती, ते टिकवण्यात होती. मराठी मुलखात ज्यांनी हा प्रश्न मनावर घेतला त्यांनी निश्चयाच्या बळावर फारशी भिस्त ठेवलेली दिसत नाही. वेळ ठरवून द्यायची, बसायची जागा ठरवून द्यायची आणि सोबतीला चार माणसे जमवायची, हा त्यांचा खाक्या. इतिहास पाहता हे धोरण शहाणपणाचे ठरले.

या रीतीची सर्वांत जुनी आणि तपशीलवार मांडणी समर्थ रामदासांच्या (१६०८–१६८१) दासबोधात मिळते. अकराव्या दशकाच्या तिसऱ्या समासात एका गृहस्थाचा दिवस आखून दिला आहे. सकाळी उठून आधी थोडे पाठांतर करायचे. बाहेर जाऊन येताना रिकाम्या हाताने परतायचे नाही. स्नान, पूजा आणि थोडा फलाहार आटोपला की आपापल्या धंद्याला लागायचे आणि तिथे सावध राहायचे. जेवण झाल्यावर काही वाचायचे, त्यावर चर्चा करायची आणि मग एकांतात बसून ग्रंथांचा विचार करायचा. संसार सोडा असे यात कुठे म्हटलेले नाही. अभ्यासाला जागा दिली आहे ती धंद्याच्या आधी आणि जेवणानंतर, म्हणजे कमावत्या माणसाला जिथे खरोखर थोडी उसंत मिळते तिथे.

एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनाचा आहे आणि तो तर कारागिराच्या हाताने लिहिल्यासारखा वाटतो. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे. ग्रंथाच्या आरंभीचे वळण शेवटपर्यंत टिकावे, इतके की सगळा मजकूर एकाच टाकाने लिहिला असे वाटावे. पानाच्या चारी बाजूंना कोरी जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते आपल्यालाच वाचता येत नाही, हाही सल्ला तिथेच आहे. आज लिहिणाऱ्याने चाळीस वर्षांनंतरच्या स्वतःच्या डोळ्यांचा विचार करावा, इतक्या लांबचा हिशेब त्यामागे आहे. व्यक्तिमत्त्व विकासाच्या आजच्या जाडजूड पुस्तकांत इतका कामाचा सल्ला क्वचितच सापडतो.

एकोणिसाव्या शतकात ही घरातली रीत सार्वजनिक झाली. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे. पुण्यात लोकहितवादींच्या पुढाकाराने १८४८ मध्ये नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली, तीच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी व मजुरांसाठी रात्रशाळा सुरू केली. दिवसभर राबणाऱ्याला दिवसाची शाळा कामाची नाही, हे त्यांनी ओळखले होते. १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुढे गावोगावच्या व्याख्यानमालांनी तिचाच कित्ता गिरवला. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच पटांगणात, संध्याकाळी ठरलेल्या वेळेला व्याख्यान. पदवी नाही, परीक्षा नाही, हजेरीपटही नाही. तरी कारकून, मास्तर आणि पेन्शनर मंडळी वर्षानुवर्षे येत राहिली, कारण शेजारचे येत होते.

स्त्रियांच्या वाट्याला ही सोय उशिरा आली. रमाबाई रानडे लग्नानंतर घरातल्या बायकांचा रोष पत्करून शिकल्या. त्या शिक्षणाची हकिगत त्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात आहे. पुण्याच्या सेवासदनाची उभारणी त्यांनी १९०९ मध्ये केली. तिथले प्रौढ स्त्रियांचे वर्ग म्हणजे शिकायचे वय उलटून गेले असे जिला सांगण्यात आले होते, तिच्यासाठी उघडलेले दार होते.

नागपुरात महाविद्यालयीन शिक्षणाची सुरुवात हिस्लॉप कॉलेज (१८८३) आणि मॉरिस कॉलेज (१८८५) यांनी झाली, पण स्वतःचे विद्यापीठ मिळायला ४ ऑगस्ट १९२३ उजाडावे लागले. सर बिपिन कृष्ण बोस हे पहिले कुलगुरू. त्याच वर्षी विदर्भ साहित्य संघाची स्थापना झाली, ती अमरावतीस. पुढे संघाचे ठाणे नागपुरात आले. १९२८ मध्ये धंतोलीत रामकृष्ण मठ सुरू झाला. मठाचे ग्रंथालय, तिथली प्रवचने आणि ‘जीवन-विकास’ हे मराठी मासिक यांमुळे मध्यमवर्गीय नागपूरकराच्या आठवड्यात वाचनाची एक वेळ ठरून गेली.

शरीराच्या बाबतीत विदर्भाने पुढाकार घेतला तो अमरावतीत. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळ व व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. आखाडा मात्र तरुणांचा. चाळिशी उलटलेल्यांची सोय नागपुरात जनार्दनस्वामींनी (१८९२–१९७८) १९५१ मध्ये सुरू केलेल्या योगाभ्यासी मंडळाने केली. पहाटेचे वर्ग, फी नाही, खाली एक सतरंजी आणि शिकवणारे स्वतः आधी इथेच शिकलेले. काल शिकलेल्याने उद्या शिकवायचे, या नियमामुळे शिकणाऱ्याचा अभ्यास सुटत नाही आणि मंडळाला शिक्षकांची वाण पडत नाही.

या सगळ्या प्रयत्नांना विचाराची बैठक मिळाली ती नागपूरपासून सुमारे ७५ किलोमीटरवर, सेवाग्रामात. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले. वर्ध्याच्या १९३७ च्या शिक्षण परिषदेतून ‘नई तालीम’ची, म्हणजे उद्योगाच्या आधारे शिक्षण देण्याची, कल्पना पुढे आली. सुरुवातीला ती सात ते चौदा वर्षांच्या मुलांपुरती होती. तुरुंगातून सुटून आल्यावर गांधीजींनी तिचा पैस वाढवला. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामला भरलेल्या परिषदेत प्रौढ, पूर्वबुनियादी, बुनियादी आणि उत्तरबुनियादी असे चार टप्पे धरून शिक्षण हे सगळ्या आयुष्याचे काम ठरवण्यात आले. या मांडणीत प्रौढ शिक्षण म्हणजे केवळ अक्षरओळख नव्हती. स्वच्छता, आरोग्य, शेती, सूतकताई आणि शेजाऱ्याशी वागणूक हे सगळे त्यात येत होते.

युरोपातही हा विचार चालू होता. बेसिल यीक्सली यांचे आजीवन शिक्षणावरचे इंग्रजी पुस्तक १९२९ चे. एदगार फॉर यांच्या अध्यक्षतेखालील युनेस्कोच्या समितीचा गाजलेला अहवाल आला १९७२ मध्ये, म्हणजे सेवाग्रामच्या परिषदेनंतर सत्तावीस वर्षांनी. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात फॉर अहवाल हटकून असतो, सेवाग्राम मात्र बऱ्याचदा ‘मूलोद्योग शिक्षण’ या मथळ्याखाली एका परिच्छेदात उरकले जाते. विदर्भातल्या विद्यार्थ्यांना तरी हा क्रम उलटा शिकवायला हरकत नव्हती.

सेवाग्राम आश्रमाचे वेळापत्रक कडक होते. पहाटेची प्रार्थना, घंटेनुसार काम, रोजचे सूत मोजून त्याची नोंद आणि रोजनिशी. गांधीजी स्वतः या नेमातून सुटले नव्हते. नोआखालीच्या यात्रेत त्यांनी बंगाली लिहायला शिकायला घेतले आणि तो रोजचा धडा ३० जानेवारी १९४८ रोजीही चुकवला नाही. तेव्हा त्यांचे वय ७८ वर्षांचे होते.

याच परंपरेतले विनोबा भावे १९२१ मध्ये वर्ध्याला आले. गीतेचा मराठी समश्लोकी अनुवाद, ‘गीताई’, त्यांनी १९३०-३१ मध्ये काही महिने रोज बसून पुरा केला. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक, अशी अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने त्यांनी सहबंदीवानांपुढे दिली. साने गुरुजी श्रोत्यांत बसून ती उतरवून घेत. पुस्तकालय नाही, सभागृह नाही, श्रोत्यांनी स्वखुशीने निवडलेली जागाही नाही. होता तो फक्त ठरलेला वार. त्यातून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले आणि ते भारतातल्या बहुतेक भाषांत गेले. पुढे वेल्लोरच्या तुरुंगात विनोबांनी दक्षिणेतल्या चारही भाषांचा अभ्यास केला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर चार नव्या लिप्या गिरवणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही.

खेड्यातल्या निरक्षर माणसाचे काय, हा प्रश्न राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) घेतला. त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण बेताचेच. अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीला १९३५ मध्ये त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापला. गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांमधून सकाळचे सामुदायिक ध्यान, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आणि ग्रामसफाई हा नेम रुजवला. त्यांच्या ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत दिनचर्या आहे, आरोग्य आहे, संसाराचा आणि गावाच्या कारभाराचा विचार आहे. दासबोधात जे एका गृहस्थाला सांगितले होते, ते इथे अख्ख्या गावाला सांगितले आहे. ज्याला वाचता येत नाही त्यानेही ऐकून पाठ करावे, म्हणून ते ओवीत आहे. नागपूर विद्यापीठाला २००५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी विजयादशमीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात, आजच्या दीक्षाभूमीवर, लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत रोजच्या वागणुकीचा वाटा मोठा आहे. दारू न पिणे, खोटे न बोलणे, चोरी न करणे, अष्टांगिक मार्गाने चालणे हे एका दिवसात उरकण्यासारखे नाही, ते जन्मभर करायचे आहे. बाबासाहेबांच्या स्वतःच्या वाचनाचा आदर्श समोर होताच. दरवर्षी या दीक्षेच्या स्मृतिदिनी, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनी, दीक्षाभूमीच्या आसपास पुस्तकांची दुकाने ओळीने लागतात. दूरदूरच्या खेड्यांतून आलेली माणसे भाकरतुकडा बांधून आणलेल्या पिशवीतूनच परत जाताना संविधानाची प्रत, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’, चरित्रे आणि दोन-चार पातळ पुस्तिका नेतात. सणाला पुस्तक विकत घेण्याची चाल महाराष्ट्रात इतक्या मोठ्या प्रमाणावर दुसरीकडे दाखवता येणार नाही. वस्त्यांमधल्या अनेक विहारांत वंदनेच्या जोडीला वाचनालय किंवा अभ्यासिका असते, तीही याच वळणाची.

सरकारी खाती यानंतर आली. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झाला आणि विद्यापीठांना त्यात ओढण्यात आले. प्रौढ शिक्षणाचे विभाग पुढे निरंतर शिक्षणाचे झाले आणि नंतर ‘आजीवन अध्ययन व विस्तार’ अशी पाटी लागली. असा विभाग नागपूर विद्यापीठातही आहे. नाशिकला १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा नोकरी आणि संसार सांभाळून पदवी घेण्याचा मार्ग मोकळा झाला. गृहिणी, पोलीस शिपाई आणि शाळा अर्धवट सुटलेले कामगार यांना त्याचा मोठा आधार मिळाला. त्या विद्यापीठाचे एक विभागीय केंद्र नागपुरात आहे.

रामदासपेठेत आणि आसपासच्या भागांत आज नवी भर पडली आहे ती खासगी अभ्यासिकांची. महिन्याची फी भरली की एक टेबल, एक दिवा, मोबाइलसाठी प्लग आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत शांतता मिळते. तिथे बसणारे बहुतेक जण विशी-पंचविशीतले, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, शेजारी आपल्यासारखाच वाचत बसलेला, म्हणजे जुन्या रीतीतले सगळे काही तिथे आहे. फरक एवढाच की निकाल लागला, नोकरी मिळाली, की टेबल सुटते आणि बहुधा वाचनही सुटते. चाळिशीतल्या कारकुनाला, दवाखान्यातल्या परिचारिकेला किंवा निवृत्त मास्तरांना कामानंतर येऊन बसता येईल अशी जागा शहरात कमी आहे. फुल्यांच्या रात्रशाळेने आणि रानड्यांच्या व्याख्यानमालेने जे गिऱ्हाईक हेरले होते, त्याच्याकडे आजच्या अभ्यासिकांचे लक्ष गेलेले नाही. सार्वजनिक ग्रंथालयांनी संध्याकाळी सहा ते नऊ हे तीन तास या मंडळींसाठी राखले, तरी ही उणीव बरीचशी भरून निघेल.