बेटावर कोणाला विचारायचे?

किनाऱ्यावर बंदर किंवा विमानतळ उभा राहण्याआधी तिथल्या माणसांना विचारावे लागते, हे आपल्या कायद्याने मान्य केले आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत जनसुनावणीची रीत सांगितली आहे: अहवालाचा मसुदा, स्थानिक भाषेतला सारांश, तीस दिवस आधीची नोटीस, चित्रीकरण, इतिवृत्त. त्याच वर्षीच्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेलाही अधिकार दिला. हे विचारणे प्रत्यक्षात कसे घडते, त्यातून कोण सुटतो, याचा शोध घेणाऱ्या अभ्यासशाखेत नव्या वाचकाचे मनापासून स्वागत. कायदा शिकलेल्यांना इथे काम आहे, कासवांच्या अभ्यासकांना आहे आणि भाषा जाणणाऱ्यांना तर फारच आहे.

सुरुवात ग्रेट निकोबारपासून करावी. सुमारे ९१० चौरस किलोमीटरचे हे बेट. त्यातल्या सुमारे १६६ चौरस किलोमीटरवर मालवाहू बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि नवे शहर येणार असून १३० चौरस किलोमीटर वनजमीन वळती होणार आहे. बंदराची जागा गॅलथिआ उपसागरात. तिथल्या वाळूत लेदरबॅक कासवे अंडी घालतात, आणि किनाऱ्यालगतच्या झाडीत निकोबारी मेगापोड पक्षी वाळू-पाचोळ्याचे ढीग रचून त्यांच्या उबेवर अंडी सोडतो. हा उपसागर १९९७ पासून अभयारण्य होता. जानेवारी २०२१ मध्ये तो दर्जा काढून घेतला गेला. म्हणजे २७ जानेवारी २०२२ रोजी बेटावरच्या कॅम्पबेल बे इथे जनसुनावणी भरली, तेव्हा एक मोठा निर्णय आधीच होऊन गेला होता. अभ्यासकाने सुनावणीच्या दिवसापासून नव्हे, त्याच्या बरेच मागून वाचायला सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे.

किती मागून? निदान २६ डिसेंबर २००४ पर्यंत. त्या दिवशीच्या त्सुनामीने निकोबारी लोकांची पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावरची गावे उद्ध्वस्त केली. वाचलेल्यांना कॅम्पबेल बेजवळच्या वसाहतींत आणले गेले. परत जाऊ द्या, ही त्यांची मागणी जुनी आहे. पण माणूस दिसत नाही म्हणून किनारा मोकळा, असे नियोजनाच्या नकाशाने धरले. ऑगस्ट २०२२ मध्ये निकोबारींच्या आदिवासी परिषदेने वनजमीन वळती करायला ना-हरकत दिली आणि नोव्हेंबरमध्ये मागे घेतली. आपली त्सुनामीपूर्वीची गावे प्रकल्पाच्या क्षेत्रात येतात हे आधी सांगितले नव्हते, असे तिने लिहिले. माझ्या मते या साऱ्या विषयात हे पत्र सर्वांत काळजीपूर्वक वाचण्याजोगे आहे. संमती कोणत्या माहितीवर दिली, हा प्रश्न त्यात थेट उभा राहतो.

शोम्पेनांचा प्रश्न याहून अवघड. जंगलात शिकार आणि कंद-फळांवर राहणारे हे लोक संख्येने दोन-अडीचशेच्या आसपास. बहुतेकांचा बाहेरच्यांशी संबंध जवळजवळ नाही. त्यांना सुनावणीला बोलावणे हाच त्यांच्या जगण्यावर घाला ठरू शकतो, बाहेरच्या रोगांमुळे जिवावरही बेतू शकते. मग त्यांच्या वतीने बोलायचा अधिकार कोणाचा? याला तयार उत्तर नाही, आणि कोणी ते घाईने दिले तर मी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

आणखी एक गट मराठी वाचकाच्या जवळचा. १९६९ पासून सरकारने या बेटावर माजी सैनिकांची कुटुंबे वसवली. त्यांत पंजाबप्रमाणे महाराष्ट्रातलीही होती. आज विमानतळासाठी शास्त्रीनगर-गांधीनगर भागातल्या या वसाहतींची जमीन जाणार आहे. पन्नास वर्षे जंगल तोडून शेती उभी केलेल्यांचा हक्क आणि ते जंगल ज्यांचे होते त्यांचा हक्क एकाच इतिवृत्तात कसे नोंदवायचे, हे काम अजून व्हायचे आहे. ज्याला मराठी येते आणि त्या वसाहतींत जाऊन ऐकण्याची तयारी आहे, त्याने ते हाती घ्यावे.