फुलपाखराचे पंख : जडणघडण

फुलपाखराचे पंख म्हणजे कायटिनचे दुपदरी, खवल्यांनी झाकलेले चार पडदे. त्यांची सुरुवात अळीच्या अंगात होते, कोषात त्यांना आकार आणि रंग येतो, आणि ते पसरतात मात्र कोषाबाहेर. कोषात अळीचा रस होतो आणि त्या रसातून पंख उगवतात, ही समजूत फार रूढ आहे. ती बरोबर नाही. यान स्वामरडाम या डच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकातच अळीची कातडी सोडवून आतले पंखांचे कोंब दाखवून दिले होते.

पंखांची ही घडण बागेतच पाहता येते. सोलापूर–पुणे महामार्गावरचे मोडनिंब (ता. माढा) हा बोर-डाळिंबाचा मुलूख. कमी पावसाच्या या भागात बागा आहेत म्हणून फुलपाखरेही आहेत. बोरीच्या पानांवर टारुकस वंशाच्या चिमुकल्या निळ्या फुलपाखरांच्या अळ्या चरतात. कागदी लिंबावर लिंबू फुलपाखरू (पॅपिलिओ डेमोलियस) आणि कॉमन मॉर्मन (पॅपिलिओ पॉलिटिस) अशी दोन्ही अंडी घालतात. डाळिंबाच्या फळात ‘सुरसा’ शिरते. सुरसा अळीच्या नावाने बोटे मोडणारा बागायतदार त्याच अळीचे जांभळट निळे फुलपाखरू कौतुकाने पाहत असेल, तर त्यात नवल नाही. दोहोंत साम्य शोधूनही सापडत नाही.

लिंबावरची अळी लहान असताना पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते. डिवचली तर डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुबेळके बाहेर काढते आणि उग्र दर्प सोडते. याच अळीच्या छातीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडात, कातडीच्या आत, दोन्ही बाजूंना मिळून पेशींच्या चार चपट्या चकत्या असतात. शास्त्रीय भाषेत त्या इमॅजिनल डिस्क. शेवटची कात टाकल्यानंतर अळी खात सुटते तेव्हा या चकत्याही झपाट्याने वाढतात. त्यांत बारीक श्वासनलिका शिरतात, आणि त्यांच्या वाटांवरून पुढे पंखाच्या शिरांचा नकाशा ठरतो.

अळीचे अळीपण ज्युव्हेनाइल हॉर्मोन या संप्रेरकामुळे टिकते. पोटभर वाढ झाली की त्याचे प्रमाण घटते, एक्डायसोन या दुसऱ्या संप्रेरकाचे वाढते, आणि अळी खाणे सोडून जागा शोधू लागते. लिंबू फुलपाखराची अळी फांदीला शेपटीकडून चिकटते, कमरेभोवती रेशमाचा एक फेर घेते आणि कात टाकते. त्या वेळी आत दुमडलेल्या चकत्या उलटून बाहेर येतात. ताज्या कोषाच्या दोन्ही अंगांना जे पाकळीसारखे उंचवटे दिसतात, ती पंखांचीच आवरणे. कोषाचा रंग भोवतालानुसार हिरवा किंवा तपकिरी असतो.

यानंतर पंखाची कड ठरते, आणि ती वाढीने ठरत नाही, कातरकामाने ठरते. चकती मुळात पंखापेक्षा मोठी असते. काठाला समांतर जाणाऱ्या एका नलिकेच्या बाहेरच्या सगळ्या पेशी ठरलेल्या वेळी मरतात. उरतो तो पंख. कॉमन मॉर्मनच्या मागच्या पंखाला शेपटी असते, लिंबू फुलपाखराला नसते. दोघे एकाच कुळातले, एकाच झाडावर वाढलेले. फरक पडतो तो कुठल्या पेशी मेल्या आणि कुठल्या राहिल्या यामुळे.

उरलेल्या पडद्यावर खवले ओळींनी उभे राहतात. एक खवला म्हणजे एका पेशीचे काम. शेजारची दुसरी पेशी त्याची खोबण होते. खवल्यात कायटिनच्या बारीक धारा तयार होतात आणि मग रंग भरतात. पॅपिलिओंमध्ये पिवळा आधी येतो, काळा शेवटी. म्हणून बाहेर पडायच्या आदल्या दिवशी कोष काळपट होतो आणि कवचातून आतली नक्षी चक्क वाचता येते. सुरसाच्या नराचा निळा मात्र रंगद्रव्याचा नसतो. खवल्याच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो, त्याचा तो खेळ. मादी तपकिरी, पुढच्या पंखावर नारिंगी डाग असलेली.

कॉमन मॉर्मनच्या मादीची गोष्ट याहून रंजक आहे. तिची काही रूपे नरासारखी, तर काही कॉमन रोज आणि क्रिमझन रोज या विषारी फुलपाखरांची नक्कल करणारी. एवढा फरक घडवायला पुष्कळ जनुके लागत असतील, असे वाटे. कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले की सूत्रे ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकाकडे आहेत. कीटकांत नर-मादीचे वेगळेपण घडवणारे हे जनुक. मॉर्मनमध्ये त्याच्याकडे पंखांवरच्या सोंगाचेही काम आले आहे.

लिंबावरचा कोष उघड्यावर लटकतो, डाळिंबातली सुरसा (ड्युडोरिक्स आयसोक्रेटिस) बहुधा फळातच कोषात जाते. दाणे खाऊन झालेले फळ गळून पडले तर कोषही मातीत जाणार. त्यामुळे अळी आधी छिद्रातून बाहेर येते, फळाचा देठ रेशमाने फांदीला बांधते आणि मग परत आत शिरते. फुलपाखराला कुरतडण्याजोगे तोंड नसते. अळीने पाडून ठेवलेले छिद्र हाच त्याचा दरवाजा.

या दरवाजातून पंख पसरून निघणे शक्यच नाही, आणि तशी गरजही नसते. कोणतेही फुलपाखरू कोषातून निघते तेव्हा पंख ओले, चुरगळलेले, नखाएवढे असतात. ते कुठेतरी स्वतःला टांगून घेते आणि पोट आकसून शिरांत रक्त ढकलते. पाच-दहा मिनिटांत घड्या उलगडतात. बर्सिकॉन या संप्रेरकामुळे कवच टणक होते, दोन्ही पदर एकमेकांना चिकटतात आणि मधल्या पेशी मरून निघून जातात. जिवंत भाग उरतो तो मुख्यतः शिरांत, म्हणूनच फाटलेला पंख पुन्हा भरून येत नाही. टांगायला जागा मिळाली नाही, किंवा मध्येच धक्का लागून खाली पडले, तर पंख वाकडे वाळतात आणि तसेच राहतात.

फवारणीतला निंबोळी अर्क संप्रेरकांच्या याच साखळीत खोडा घालतो. त्यातले ॲझाडिरेक्टिन अळीची भूक मारते आणि एक्डायसोनचे तंत्र बिघडवते. मग कात अर्धवट राहते किंवा दुमडलेल्या पंखांचे कीटक निपजतात. पण अर्क फळाच्या आत पोचत नाही. त्यामुळे सुरसासाठी फळ लहान असतानाच कागदी वा कापडी पिशवी चढवतात, आणि छिद्र पडलेले फळ झाडावर किंवा बांधावर न ठेवता गोळा करून नष्ट करतात.