हरलेल्यासाठी एक खुर्ची

वेलिंग्टन हे नाव तुम्ही ऐकलंच असेल. लंडनमध्ये त्याच्या नावाची कमान आहे, न्यूझीलंडची राजधानीही त्याच्याच नावाची. हाच माणूस २३ सप्टेंबर १८०३ रोजी आसईला, आजच्या जालना जिल्ह्यात, शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढला होता. फेब्रुवारी १८१५ मध्ये तो ब्रिटनचा प्रतिनिधी म्हणून व्हिएन्नात दाखल झाला. वीस वर्षांहून जास्त काळ लढून थकलेल्या युरोपची घडी तिथे बसवली जात होती.

युद्ध जिंकलं की नकाशा जिंकणाऱ्याचा, असं आपल्याला वाटतं. ब्रिटन, ऑस्ट्रिया, रशिया आणि प्रशिया यांनाही आधी तसंच वाटत होतं. महत्त्वाचं सगळं चौघांत ठरवायचं, बाकीच्यांना नंतर सांगायचं. हरलेल्या फ्रान्सचा मंत्री तालेराँ याने लहान राज्यांची बाजू पुढे करत याला हरकत घेतली. मग चौघांतच बिनसलं. रशियाला पोलंड हवा होता, प्रशियाला अख्खं सॅक्सनी. ३ जानेवारी १८१५ रोजी ब्रिटन आणि ऑस्ट्रियाने चक्क फ्रान्सशी गुप्त करार केला. कालचा शत्रू आज तोल सांभाळायला कामी आला! शेवटी प्रशियाने सॅक्सनीच्या एका भागावर समाधान मानलं.

मार्चमध्ये नेपोलियन एल्बाहून परतला, तरी चर्चा थांबली नाही. अंतिम करारावर सह्या झाल्या ९ जूनला, वॉटर्लूच्या नऊ दिवस आधी. या दुसऱ्या पराभवानंतर फ्रान्सवर ७० कोटी फ्रँकचा दंड बसला, परकीय सैन्य आलं. पण १८१८ मध्ये ते सैन्य माघारी गेलं आणि आखेनच्या परिषदेत फ्रान्सला मोठ्या सत्तांच्या पंक्तीत घेतलं गेलं. मोठ्या सत्ता पुन्हा थेट एकमेकींशी भिडल्या त्या क्रिमियात, १८५४ मध्ये. याउलट १९१९ ला व्हर्सायमध्ये जर्मनीला वाटाघाटीत घेतलंच नाही, तयार मसुदा हातात दिला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मग व्हिएन्नाचं कौतुक करायचं का? जरा थांबा. पोलंडची वाटणी झाली, पण टेबलावर पोलंड नावाचं राज्य नव्हतं. आणि १८१८ हे साल आपल्याही ओळखीचं आहे. फ्रान्सला खुर्ची मिळाली त्याच वर्षी जूनमध्ये दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि पेशवाई संपली. सत्तेचा तोल सांभाळायचा तो युरोपात. इथे कंपनीला अडवणारं कुणी नव्हतं. उलट, युरोपातल्या शांततेने ब्रिटनचे हात मोकळेच झाले.

म्हणून पुढच्या वेळी बातम्यांत एखादी शांतता परिषद दिसली, तर करारातली कलमं वाचण्याआधी खुर्च्या बघा. हरलेला तिथे बसलाय का? आणि ज्याच्या जमिनीबद्दल बोलणं चाललंय, तो?