मालकाचें मासिक आणि कामगाराचें मन

हल्लीं मोठमोठ्या कचेऱ्यांतून नोकरवर्गाला डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यावयास शिकवितात, आणि धंद्याविषयीं लिहिणारे पत्रकार त्या प्रयोगाचें मोठें कौतुक करतात. कामाच्या जागीं माणसाच्या मनाचा विचार करणें ही जणूं कालपरवांची कल्पना! आपल्या मराठी मुलखांत मात्र लोखंडाच्या भट्टीशेजारींच हा विचार फार पूर्वीं रुजला होता.

‘किर्लोस्कर’ हें नांव जुन्या पिढीला दोन ठिकाणीं भेटलें : नांगरावर आणि मासिकावर. आपल्या यवतमाळसारख्या काळ्या मातीच्या कापूसपट्ट्याला लोखंडी नांगराचें महत्त्व सांगावयास नको. पण लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं तो प्रथम विक्रीस काढला तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते असें शेतकरी म्हणत, आणि पहिला नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं!

बेळगांवची जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं लक्ष्मणरावांना कुंडल स्टेशनाजवळची जमीन आणि कर्ज दिलें. १९१० सालीं त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहूं लागली. बाळासाहेब म्हणजे सूर्यनमस्कारांचे कट्टे पुरस्कर्ते. संस्थानच्या शाळांतून त्यांनीं ते सक्तीचे केले. लक्ष्मणरावांची साधना निराळी होती. ती माणसें पारखण्याची. शिक्षण अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर त्यांच्या हाताखालीं कल्पक यंत्रज्ञ झाले. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे तर दरोड्याबद्दल शिक्षा भोगलेले; वाडीच्या राखणीचें काम त्यांच्यावरच सोंपविलें होतें. वस्तींत अस्पृश्यता पाळावयाची नाहीं, असा दंडकच होता. ज्याला सारा गांव चोर म्हणतो त्याच्या हातीं रात्रीची राखण देणें, याहून मनाचा मोठा विचार मला तरी कोणत्या शिबिरांत आढळलेला नाहीं.

या कारखान्यांतून १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ निघूं लागली. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव. मुळांत ते चित्रकार, म्हणून त्यांची दृष्टि चौकस होती. मालाची जाहिरात हा उघड हेतु. परंतु नोकरीच्या मागें लागलेल्या मराठी तरुणाला उद्योगाकडे वळविण्याची त्यांची तळमळ त्या पानांत लवकरच मुख्य होऊन बसली. पुढें ‘किर्लोस्कर’ या नांवानें तें मासिक घरोघर गेलें, आणि १९३० सालीं ‘स्त्री’ हें भावंड त्याला मिळालें.

आतां एक आक्षेप घेतलाच पाहिजे. मालकाच्या छापखान्यांतून निघणारें पत्र मालकाचें कौतुक करणार, यांत नवल तें काय? वेतनाचा आणि तासांचा हिशेब तेथें कोण मांडणार? आजच्या ध्यानवर्गांवरील लेखांनाही हाच प्रश्न विचारावा. कामाचे तास तेच ठेवून श्वास मात्र मोजावयास लावणें ही मोठी स्वस्त दया आहे. शंकररावांच्या बाजूनें एवढें म्हणतां येईल कीं, ज्या कारखान्याविषयीं ते लिहीत तो त्यांच्या मेजापासून चार पावलांवर होता. पोकळ शब्द लिहिला तर सांचेघरांतला माणूस दुसऱ्या दिवशीं हंसला असता.

आणि तरीही १९४८ सालीं, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलींत, जमावानें या वाडीला आग लावली. कुंपणाच्या आंत जोडलेला विश्वास कुंपणाबाहेरच्या गांवांपर्यंत किती पोंचला होता, हें त्या ज्वाळांनीं विचारलें. कारखाना पुन्हां उभा राहिला आणि भट्ट्या पुन्हां पेटल्या.