जुलियानीने खरंच काय सांगितलं होतं?

कुठेही मोठा भूकंप झाला की दोन दिवसांत एक फॉरवर्ड येतोच: 'याने आधीच सांगितलं होतं, पण कोणी ऐकलं नाही.' या प्रकारातला गाजलेला हीरो म्हणजे इटलीचा जाम्पाओलो जुलियानी. आज त्याची गोष्ट.

६ एप्रिल २००९, पहाटे ३ वाजून ३२ मिनिटं. मध्य इटलीतल्या लाक्विला शहराजवळ जमिनीतली भेग सरकली. तीव्रता ६.३, मृत्यू ३०९.

जुलियानी भूकंपशास्त्रज्ञ नव्हता. जवळच्या ग्रान सासो डोंगराखाली भौतिकशास्त्राची मोठी प्रयोगशाळा आहे, तिथे तो तंत्रज्ञ होता. भूकंप हा त्याचा नोकरीबाहेरचा नाद. रेडॉन वायू टिपणारी यंत्रं त्याने स्वतः बनवली. खडकातल्या युरेनियमपासून रेडॉन तयार होतो. खडकावर ताण येऊन बारीक चिरा पडल्या तर तो जास्त बाहेर यावा, हा त्याचा हिशोब. यात वेडगळ काही नाही, बरेच शास्त्रज्ञ हे तपासत आलेत. पण पाऊस पडला, हवेचा दाब बदलला, तरी रेडॉन वर-खाली होतो. आमच्या भाषेत सांगायचं तर सिग्नल कमी, नॉइज फार.

आता फॉरवर्डमध्ये गाळलेला भाग. मार्चअखेर त्याने इशारा दिला तो सुलमोना गावाबद्दल, लाक्विलापासून सुमारे ५० किलोमीटरवर. तिथे लाउडस्पीकर लावलेल्या गाड्या फिरल्याच्या बातम्या आल्या, लोक घाबरले, घबराट पसरवल्याची पोलिसांत तक्रार झाली. सुलमोनात काहीच झालं नाही. त्याचं ऐकून गाव रिकामं केलं असतं, तर काही लोक आसऱ्याला लाक्विलातच गेले असते ना!

पण अधिकाऱ्यांनी जे केलं ते जास्त महागात पडलं. त्या भागात महिनोन्महिने छोटे धक्के बसत होते. लोकांना शांत करायला ३१ मार्चला लाक्विलात तज्ज्ञांची बैठक ठेवली. नागरी संरक्षण खात्याचे उपप्रमुख बेर्नार्दो दे बेर्नार्दिनिस टीव्हीवर म्हणाले की छोट्या धक्क्यांनी ऊर्जा निघून जातेय, म्हणजे चांगलंच आहे. मग निवांत वाइन प्यायची का, असं पत्रकाराने विचारलं, तर हो म्हणाले!

हे गणितच चुकीचं. तीव्रता एकाने वाढली की ऊर्जा साधारण ३२ पट होते. म्हणजे ६ तीव्रतेच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा सोडायला ४ तीव्रतेचे हजारेक धक्के लागतील.

तिथल्या जुन्या लोकांची साधी सवय होती. रात्री धक्का बसला की घराबाहेर पडायचं, चौकात नाहीतर गाडीत रात्र काढायची. ५ एप्रिलच्या रात्री अकराच्या आधी ३.९ चा धक्का बसला, मध्यरात्रीनंतर आणखी एक. पण 'काळजी नको' हे ऐकलेलं असल्यामुळे आमची माणसं घरातच थांबली, असं मृतांच्या नातेवाइकांनी कोर्टात सांगितलं.

२०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि दे बेर्नार्दिनिस अशा सात जणांना प्रत्येकी सहा वर्षांची शिक्षा झाली. 'भूकंप सांगता आला नाही म्हणून शास्त्रज्ञ तुरुंगात' अशा हेडलाइन जगभर चालल्या. आरोप तो नव्हताच. आरोप होता लोकांना खोटा दिलासा दिल्याचा. २०१४ मध्ये अपिलात सहाही शास्त्रज्ञ सुटले. दे बेर्नार्दिनिस यांची शिक्षा दोन वर्षांवर आली, पण दोष कायम राहिला.